पणजोबांच्या मिशा

दिल्लीत आर. के. पुरमला आमच्या घराजवळ एका पंजाब्याचं हॉटेल आहे. काढलं त्याच्या नामांकित पणजोबांनी, पण त्याचा इतिहास सांगताना चाळिशीतला हा माणूस सरळ ‘हम’वर येतो.

“हम पेशावर से खाली हाथ आए जी. पहला तंदूर हमने लगाया,” म्हणताना त्याचे डोळे भरून येतात. मिशाही भिंतीवरच्या पणजोबांच्या फोटोतल्यासारख्याच.

तेव्हा तुमचे वडीलसुद्धा जन्मले नव्हते, असं मी एकदा सुनावलं.

राग न धरता त्यानं विचारलं, “संडे को दिखे नहीं?”

“पानिपत गए थे. वहाँ हम हारे थे ना,” मी म्हणालो, आणि माझाच आवाज जड झाला.

माझ्या खांद्यावर हात ठेवून तो वेटरला ओरडला, “साहब पानिपत हारकर आए हैं. रायता हमारी तरफ से!”