न झालेल्या स्फोटाचं चलान

चलानाबरोबर फोटोही येतो हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं नुसता मेसेज येतो, एवढा दंड भरा म्हणून. मुलाने फोनवर सांगितलं तशी यांनी ती लिंक उघडली आणि बघते तर काय, हायवेवर आमची गाडी! काचेमागे हे, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून पुढे वाकलेले, आणि शेजारी मी, नाकातोंडावर ओला पंचा दाबून बसलेली.

मुलाला फोटो पाठवला तर तो हसत सुटला. "आई, बँक लुटून पळताय काय तुमी दोघं?"

हसण्यासारखंच दिसत होतं ते. पण हे हसले नाहीत. मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाले, "बघ. हाच पुरावा हाय आपला."

आता हा पंचा कशाला, ते सांगायला पाहिजे. आम्ही बोईसरजवळ सालवडला राहतो. गच्चीवरून कारखान्यांच्या चिमण्या दिसतात. माझं माहेर इथल्याच किनाऱ्यावरच्या नवापूरचं, मासेमारीवाल्यांचं, तर यांचं गाव वाणगावच्या बाजूला, शेतीवाल्यांचं. तरुणपणी हे इथे केमिकल कंपनीत ऑपरेटर म्हणून लागले आणि रिटायर होईपर्यंत तेच काम केलं. आमच्याकडे स्फोट झाला तर लोक आधी कुठल्या कंपनीत झाला ते विचारत नाहीत. आधी वारा बघतात. वारा आपल्याकडे येत असेल तर पळायचं आणि तेही आडवं पळायचं, वाऱ्याच्या पुढे पुढे नाही. हे मला यांनी शिकवलं. वारा बघायला मात्र मी लहानपणी बापाच्या मांडीवर बसून शिकले होते.

यांनी गच्चीच्या कठड्यावर माझ्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधली होती, वारा दाखवायला. दाराजवळ खुंटीला गाडीची किल्ली नि दोन पंचे आणि खाली पाण्याची बाटली, तिला कोणी हात लावायचा नाही. आणि गाडी कायम उलटी लावायची, तोंड रस्त्याकडे करून. कंपनीत तसाच नियम होता, पळायची वेळ आली तर वळवण्यात वेळ जायला नको. गल्लीत कोणी हसायचं नाही याला. दोघातिघांनी तर बघून बघून आपल्या गाड्याही तशाच लावायला सुरुवात केली.

यांच्या कंपनीत एकदा झाला होता स्फोट. हे नुकतेच बाहेर आले होते, बिडी ओढायला म्हणून. यांच्या जोडीला पाळीत एक उत्तरेकडचा माणूस असायचा, आमच्या घरी जेवून जायचा, मला भाभी म्हणायचा. तो आत राहिला. त्यानंतर यांनी बिडी सोडली. त्या माणसाबद्दल कधी बोलले नाहीत, आणि मीही काढलं नाही.

तर त्या दुपारी मी गच्चीवर जवळा वाळत घातला होता. जवळा म्हणजे ती बारीक कोलंबी. ती पसरली की कावळे येतात, म्हणून मी काठी घेऊन बसले होते. सुपात थोडा जवळा घेऊन निवडत होते. तेवढ्यात हे जिना चढून वर आले, पायात चप्पल नाही, आणि माझा हात धरून ओढलं. सूप पडलं. "चल! फुटला!" म्हणाले, "ऐकलं नाय काय? चल!"

मी निघाले. विचार करायला वेळ कुठे होता? खाली पंचा भिजवला, माझ्या हातात दिला, गाडी काढली. बोईसरच्या गर्दीतून कसे निघालो ते मला सांगता येणार नाही. चिल्हारच्या रस्त्याने सरळ हायवेला, आणि हायवेला लागल्यावर तर यांनी मागे वळून बघितलंच नाही. मनोरच्या अलीकडे एका हॉटेलाशी गाडी थांबवली तेव्हा यांचा शर्ट पिळून काढण्यासारखा झाला होता.

तिथून शेजारणीला फोन लावला. "काय गं, काय झालं तिकडे? कोणाला लागलं काय?"

"कशाचं काय?" ती म्हणाली. "इथे काय नाय. तुमीच कुठे गेलात गाडी घेऊन? तुमचा जवळा कावळे खातात वरती."

यांनी चहा सांगितला होता, तो तसाच राहिला. परत येताना गाडी हळू चालवली. घरी आल्यावर हे टीव्हीसमोर बसले, सगळी चॅनेलं बघितली, मग मोबाइल बघितला. शेवटी म्हणाले, "दाबलं असंल. कंपनीवाले दाबतात."

मी मान हलवली.

आता खरं सांगते. मी काही ऐकलं नव्हतं. गच्चीवर, मोकळ्यावर बसलेली मी. माझा कान म्हातारा झाला असं धरून चालू, पण कावळे? टाकीवर ओळीने बसले होते, जवळ्यावर डोळा ठेवून. एकही कावळा हलला नव्हता. फटाका फुटला तरी उडतात ते. हे मी यांना सांगितलं नाही.

पुढे पंधरवड्याने चलान आलं आणि घरात तोच एक विषय. मुलगा म्हणायचा, "बाबा, दोन मिनिटांचं काम हाय, मी इथून भरतो, विषय संपला." हे म्हणायचे, "भरला म्हणजे मान्य केलं, की मी उगाच पळवली गाडी." मुलगा म्हणायचा, "मग पळवलीच ना?" हे फोन ठेवून द्यायचे. यांना पैशाचं काही नव्हतं. यांना कोणीतरी लिहून द्यायला हवं होतं, की या माणसाने जीव वाचवायला गाडी पळवली, चूक नाही.

एक दिवस आम्ही पालघरला गेलो, वाहतूक शाखेत. टेबलामागे एक पोलीस मुलगी होती, आमच्या भाचीच्या वयाची. तिने सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. म्हणाली, "काका, ऑनलाइन तक्रार टाकता येते, कारण लिहून. नाहीतर लोकअदालतीत या, तिथे तुमचं म्हणणं मांडा. पण त्या दिवशी स्फोटाची कुठे नोंद आहे का? बातमी, काहीतरी?"

"नोंद नाय," हे म्हणाले. "साक्षीदार हाय."

"कोण?"

"ही. फोटोत बघा, पंचा हाय तोंडावर. घरी बसलेली बाई उगाच पंचा लावून हायवेला जाईल काय?"

मुलीने फोटो मोठा करून बघितला. मग माझ्याकडे वळली. "काकी, तुम्ही ऐकलात आवाज?"

मी तोंड उघडायच्या आत हेच बोलले, "ऐकला म्हणजे! हिच्या हातातलं सूप पडलं."

त्या पोरीने फोटो बंद केला. लोकअदालतीची तारीख मेसेजने कळेल म्हणाली. जाताना मला म्हणाली, "काकी, काकांना पाणी द्या हां, ऊन आहे." मला वाटतं तिला कळलं होतं. स्टेशनच्या रस्त्याला आम्ही उसाचा रस प्यालो. हे खुशीत होते, कितीतरी दिवसांनी. रसवाल्यालासुद्धा सांगत होते, "केस हाय आमची."

पण सूप पडलं ते हाताला हिसका बसला म्हणून पडलं. यांच्या डोक्यात ते आवाजाने पडलं असं पक्कं बसलं होतं. खोटं बोलणारा माणूस नव्हे हा. मग मी काय करायचं? साहेबासमोर, ऐकला, म्हणायचं? म्हटलं असतं. खरंच म्हटलं असतं, मी ठरवलं होतं. चाळीस-बेचाळीस वर्षं एका ताटातलं खाल्लं, एक आवाज ऐकला म्हणायला काय जातं? आणि ऐकला नाही म्हटलं तर मग यांनी काय ऐकलं? ते यांना मी कुठल्या तोंडाने विचारणार होते?

तारीख जवळ आली तसे हे मला तयार करायला लागले. संध्याकाळी चहा झाल्यावर खुर्ची माझ्यासमोर ओढली. "समज, मी साहेब हाय. बरं का बाई, तुमी कुठे होतात?"

"गच्चीवर."

"काय करत होतात?"

"जवळा राखत होते, साहेब." मी जरा हसून बोलले, म्हटलं गंमत चाललीय तर चालू दे.

"आवाज कुठून आला?"

"कंपन्यांच्या बाजूने."

"बरोबर." यांनी मान हलवली. "एक आला की दोन?"

हे आम्ही कधी बोललोच नव्हतो. मी यांच्या तोंडाकडे बघत राहिले. शाळेत पोरं बाईंच्या तोंडाकडे बघतात ना, की ओठ कुठे वळतो, मग तेच उत्तर द्यायचं, तशी. एक म्हणू? दोन म्हणू?

हे थांबले.

"माझ्या तोंडाकडे काय बघतेस?" हे म्हणाले.

"नाय... आठवते जरा."

"आठवायला काय हाय त्यात? ऐकला तर ऐकला."

मी घाईने म्हटलं, "दोन. दोन आले."

हे उठले. खुर्ची उचलून जागेवर ठेवली, टेबलाला लावून, नीट. मग मला म्हणाले, एकदम हळू आवाजात, रागाने नव्हे, "पोराला सांग भरून टाकायला."

मी म्हटलं, "अहो, जाऊ ना आपण. मी सांगते ना." हे बाहेर गेले आणि गेटापाशी उभे राहिले. मुलाने पैसे भरले, पावती मोबाइलवर आली, ती यांनी उघडलीसुद्धा नाही.

त्यानंतर घरात भांडण नाही, तंटा नाही. पण गाडी सरळ लागायला लागली, तोंड भिंतीकडे. पहिल्यांदा मला वाटलं घाईत लावली असेल. मग रोजच तशी. पंचे धुऊन कपाटात गेले. बाटलीतलं पाणी तुळशीला घातलं. गच्चीवरची पट्टी तेवढी राहिली, ती उन्हाने विरून गेली होती. रस्त्यावर कोणाच्या गाडीचा टायर फुटला, लग्नातला सुतळी बॉम्ब वाजला, की आधी हे ताडकन उठायचे. आता माझ्याकडे बघायचे. मी हातातलं काम करत राहिले की हेही बसून राहायचे.

थंडीत एका सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. टाकीवरचे कावळे सगळे एकदम उडाले. आणि मग आला. आधी छातीत, मग कानात. जिन्याच्या दाराची कडी खडखडली.

मी धावत खाली आले. हे पेपर घेऊन बसले होते. पेपर तसाच हातात, पण वाचत नव्हते.

"आला ना आवाज?" मी म्हटलं.

हे माझ्याकडे बघत राहिले. "तुला आला?"

"आला म्हणजे काय! उठा!"

"खरंच आला?"

"अहो, कावळे उडाले!"

कावळ्यांचं यांना काय कळणार, मी कधी सांगितलंच नव्हतं. पण उठले. किल्ली शोधण्यात वेळ गेला, ती आता खुंटीला नसायची. गाडीचं तोंड भिंतीकडे, आणि गल्लीत तोपर्यंत मोटारसायकली नि माणसं. मागे-पुढे, मागे-पुढे करत गाडी निघाली तेव्हा अर्धी गल्ली रिकामी झाली होती. पंचा नव्हता. मी पदर भिजवून धरला.

बोईसर मागे पडलं, चिल्हारचा रस्ता लागला, तरी हे हळूच. रिक्षा पुढे जात होत्या, एका मोटारसायकलवर चौघं बसलेले, तेही पुढे गेले.

"जरा जोरात घ्या ना," मी म्हटलं.

"कॅमेरा असतो."

"इथे कुठला कॅमेरा? हायवे लांब हाय अजून."

मी मागे वळून बघितलं. काळा धूर वर चढला होता आणि समुद्राकडे कलत होता. सकाळी आमच्याकडे जमिनीवरचा वारा असतो. म्हणजे आम्हाला काही नव्हतं. धूर नवापूरकडे चालला होता. कंपनीत आत कोण कोण राहिलं असेल, तो विचार यांच्या डोक्यात चालला असणार, पण यांचं तोंड तसंच, रस्त्याकडे.

मी भावाला फोन लावला. म्हटलं, दारं-खिडक्या लावा, कपडा ओला करा, किनाऱ्याने वाऱ्याला आडवे निघा.

"निघालोच आमी," तो म्हणाला. "केवढा आवाज झाला गो ताई! होडीवरची पोरं पण घाबरली."

मी मोबाइल कानावरून काढला, स्पीकरवर टाकला आणि यांच्या बाजूला धरला. "काय म्हणालास? परत सांग."

"आवाज, आवाज! इथपर्यंत आला. तुमाला नाय आला काय?"

"परत सांग," मी म्हटलं.

त्याने परत सांगितलं. यांनी एकदा मोबाइलकडे बघितलं आणि पुन्हा पुढे. गाडी होती त्याच वेगाने चालली होती.