ट्रकवरचा पळस

मंडळी, आज सकाळी ट्रकवरची चित्रं टिपायला कॅमेरा घेऊन मार्केट यार्डात गेले होते. संत्र्याच्या एका ट्रकच्या मागे पळस रंगवला होता. पान एकही नाही, नुसता केशरी, अगदी आमच्या वरुडकडे फुलतो तसा. मी फोटो काढतच राहिले.

ड्रायव्हरकाका हसत म्हणाले, "वरुडच्या पेंटरनं काढला."

"काका, मी वरुडचीच! इथे वाघोलीत राहते."

"मंग संध्याकाळी वापस चाललो, पोरी. घरी काही द्याचं हाय काय?"

दिवाळीपासून घरी गेले नाहीये. 'मलाच न्या' असं ओठांवर आलं होतं. "काही नाही काका," एवढंच म्हणाले आणि वाघोलीची बस पकडली.

घरापासून लांब राहणाऱ्यांनो, तुम्ही काय पाठवलं असतं?