ओळंब्याचा सरळ बंपर

गल्लीत त्याला सगळे ओळंबा म्हणतात. गवंडीकामाशी त्याचा काही संबंध नाही. तो जुन्या गाड्यांचे चेपलेले बंपर सरळ करतो. कुणाकडे गेला तर आधी भिंतीवरचं तिरकं कॅलेंडर नीट करतो, मग पाणी मागतो. ठोकून घासलेल्या बंपरवर तो डोळे मिटून बोटं फिरवतो. उंचवटा लागला की पुन्हा हातोडी. तांबं, निकेल आणि क्रोमचा मुलामा चढवायच्या टाक्या बायकोच्या ताब्यात. "क्रोम चुगलखोर असतं," ती म्हणते. "खालचा खड्डा दुप्पट करून दाखवतं."

दुकानाचा नियम एकच: बंपर आणा, गाडी नको. गाडी पाहिली की माणूस तिच्या रूपाला भुलतो आणि हात सैल पडतो, असं त्याचं मत.

एका निवृत्त नर्सबाईंनी आणलेला बंपर गंजाने पोखरला होता.

"रविवारी जुन्या गाड्यांचा मेळावा आहे. माझा धाकटा भाऊ दरवर्षी शेजारी गाडी लावतो आणि येईल त्याला माझा बंपर दाखवतो. यंदा त्याचं तोंड बंद झालं पाहिजे."

"झालंच समजा."

बंपरचं उजवं टोक किंचित आत वळलं होतं. त्यावर ना धडकेची खूण, ना हातोडीची. कारखान्याची चूक म्हणून ओळंब्याने तीही सुधारली.

शनिवारी सकाळी नवराबायको बंपर बसवायला नर्सबाईंच्या अंगणात गेले. नट आवळून तो चार पावलं मागे आला. पत्रा आणि बंपर यांच्यात डावीकडे एक बोट फट, उजवीकडे तीन.

"अहो, गाडीचं नाकच वाकडं आहे," बायको म्हणाली.

"ते होय?" नर्सबाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी फाटकाला ठोकली होती. मग नवा बंपर त्या नाकाच्या मापाने वळवून घेतला. बोलले नाही का मी?"

"हे विचारतील तेव्हा ना!" बायकोने नवऱ्याकडे बोट दाखवलं.

"पुन्हा वाकवतो," ओळंबा पुटपुटला.

"वाकवा," बायको म्हणाली. "क्रोमला तडा गेला की उद्या भाऊरायांना तोच दाखवू."

शेवटी तिनेच उजव्या ब्रॅकेटमागचे वॉशर काढून डाव्यामागे घालायला सांगितलं. सरळ बंपर तिरका बसवायचा! आयुष्यात पहिल्यांदाच, आणि तेही बायकोदेखत. चौथ्या वॉशरला त्याने डोळे मिटले. उघडले तेव्हा दोन्हीकडे दोन-दोन बोटं.

रविवारी भाऊराया आले. बंपरमध्ये स्वतःचा चेहरा पाहिला, तो विशेष आवडला नसावा. मग फटीत बोटं घातली. डावीकडे दोन, उजवीकडे दोन.

"पॉलिश बरं आहे, ताई," एवढंच म्हणून ते आपल्या गाडीकडे गेले आणि इकडेतिकडे बघत तिच्याही फटीत बोटं घालू लागले. उजवीकडे तिसरं बोट सहज आत गेलं.