त्या खुर्चीत मी कधी बसलेच नव्हते

गेल्या मंगळवारी, दोह्यातल्या आमच्या स्टेडियमच्या कंट्रोल रूममध्ये, कोणी काही विचारलेले नसताना मी भर मीटिंगमध्ये बोलले. माझ्या बाबतीत ही घटना नवीनच आहे…

वर्ल्ड कपच्या तयारीत सकाळी आगीचे मॉक ड्रिल झाले होते. पूर्वेच्या स्टँडमध्ये खोटा धूर सोडला आणि ऑपरेटर इद्रीसभाईंनी पश्चिमेचे दरवाजे उघडले. चूक लक्षात येईपर्यंत पूर्वेचे स्वयंसेवक बंद दारांशी खोळंबले होते.

रिपोर्टमध्ये ‘ऑपरेटरची चूक’ असे लिहायचे जवळजवळ ठरले. म्हणजे इद्रीसभाईंची नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर इथला व्हिसाही. ते हैदराबादी हिंदीत पुन्हापुन्हा माफी मागत होते.

दरवाज्यांच्या बटणांचा तो स्क्रीन मात्र मी आखलेला होता. स्टेडियमपासून दूर, शहरातल्या अल मन्सूरा भागातल्या ऑफिसात बसून, भूगोलाच्या पेपरात काढावा तसा… उत्तर वर, पूर्व उजवीकडे. पण कंट्रोल रूमची खिडकी दक्षिणेला आहे. तिथे बसणाऱ्याला पूर्वेचा स्टँड डाव्या हाताला दिसतो.

मी उठले तशी आमचे मॅनेजर, नाशिकचे देशमुख सर, यांनी फिरकी घेतली. “अरे वा, आज मेरिट लिस्टवाल्या बाई बोलणार.”

“सर, चूक माझ्या स्क्रीनची आहे,” मी म्हणाले. “तुम्ही एकदा त्यांच्या खुर्चीत बसून पाहाल का?”

सर हसतच खुर्चीत बसले. यंत्रणा टेस्ट मोडवर होती. मी खिडकीतून पूर्वेच्या स्टँडकडे बोट दाखवले आणि म्हटले, धूर तिथे आहे, दरवाजे उघडा… सरांचे बोट सरळ डावीकडच्या बटणावर गेले. पश्चिमेच्या.

सरांनी एकदा खिडकीकडे आणि एकदा स्क्रीनकडे पाहिले. मग सर बोट न उचलताच म्हणाले, “खलास. रिपोर्ट पुन्हा लिहा.”

नवा स्क्रीन मी इद्रीसभाईंच्या शेजारी बसून आखला. त्यांनी आणखी दोन चुका दाखवल्या, त्या दोन्ही खऱ्या होत्या. काल पुन्हा ड्रिल झाले आणि पूर्वेचेच दरवाजे उघडले. “शुक्रिया बेटी,” एवढेच म्हणून ते ड्युटीला लागले.

काल मी कितीतरी दिवसांनी शांत झोपले. माझी चूक हजारो माणसे यायच्या आत सापडली, आणि तिची शिक्षा दुसऱ्या कोणाला झाली नाही… याबद्दल कोणाचे आभार मानावेत, ते मला अजून ठरवता आलेले नाही.