ठेंगणीचा पहिला रंग

नौदलाच्या धक्क्यावर रंगाऱ्याची उभी नोकरी एकाच कामात गेली: खरवडा, घासा, रंगवा. त्याच्या हातचा सर्वांत जास्त रंग खाल्ला तो एका बुटक्या टगबोटीने. कागदोपत्री तिला नुसता नंबर होता. धक्क्यावर सगळे तिला ठेंगणी म्हणत. मोठ्या जहाजांना ढकलत ढकलत जागेवर लावणे हे तिचे काम. त्याआधी ती नेमबाजीच्या सरावाची तरंगती लक्ष्ये ओढायची, म्हणून केशरी होती. ते केशरीपण खरवडून तिला राखाडी केली ती रंगाऱ्यानेच. पण त्याच्याही आधी ती काय करत होती, हे धक्क्यावर कुणालाच ठाऊक नव्हते.

ठाऊक होते ते एकाच माणसाला, आणि त्याच्यावर घरात कुणाचा विश्वास नव्हता. रंगाऱ्याचे सासरे तरुणपणी बंदरात पंप चालवत. ठेंगणी तेव्हा आग विझवणारी बोट होती, लालभडक, आणि तेलाच्या धक्क्याची आग आपण तिच्यावरूनच विझवली, असे ते सांगत. पण सासऱ्यांना तिखटमीठ लावायची सवय. दर खेपेला ज्वाळा थोड्या उंच होत. शेवटी एकदा भर पाहुण्यांत त्यांची लेकच म्हणाली, "बाबा, पुरे आता. ती बोट कधी लाल नव्हतीच. यांना विचारा." सगळे हसले. तेव्हापासून म्हाताऱ्याने ती गोष्ट काढली नाही. हळूहळू बाकीच्या गोष्टीही बंद झाल्या. लेकीला आता ती शांतता खायला उठे.

आणि ठेंगणी मोडीत निघाली. दुपारी तिला ओढून नेणार होते. रंगारी सकाळीच खरवडणी घेऊन तिच्यावर चढला.

"काय रे, मोडीत जाणारीला मेकअप?" खालून वेल्डर ओरडला.

"मेकअप उतरवतोय. खालचा चेहरा बघायचाय!"

अडचण अशी, की नवा रंग देण्याआधी जुना पार लोखंडापर्यंत खरवडायचा, हा धक्क्याचा नियम. मग जुना उरणार कुठे? बराच वेळ डोके खाजवल्यावर तो एकटाच हसला. सुकाणूच्या खोलीमागे दोन पत्र्यांमध्ये एक अरुंद फट होती. तिथे ब्रश शिरे, खरवडणी शिरत नसे. सगळे रंगारी तिथे नुसता ब्रश फिरवून मोकळे झाले असणार. तो स्वतःही तेच करत आला होता.

वेल्डरकडून हॅक्सॉचे तुटके पाते मागून त्याने फटीतून एक जाड खपली उचकटली. तिच्या कडेला थर दिसत होते. राखाडी, केशरी, पांढरा आणि तळाशी लाल!

"सापडला!"

वेल्डर वर आला. "काय सापडला, कपाळ? गंज धरू नये म्हणून पहिला हात लालच देतात की. रंगारी तू का मी?"

रंगाऱ्याचा चेहरा उतरला. खरेच, तो लाल प्रायमर कुठल्या बोटीला नसतो? तरी राहवेना, म्हणून त्याने ओल्या अंगठ्याने कड चोळली. तळचा थर विटेसारखा मंद होता. पण त्याच्यावर, पांढऱ्याच्या खाली, आणखी एक बारीक रेघ होती. चकचकीत, कुंकवासारखी.

वेल्डर वाकून बघत राहिला. "हा प्रायमर नाही गड्या," तो म्हणाला.

घरी सासरे खिडकीपाशी बसले होते. त्यांनी खपली उजेडात धरली, अंगठा फिरवला.

"पांढरा आमच्यानंतरचा," ते म्हणाले. "पण कामचुकार लोक! लाल न खरवडताच वरून फासलाय."

"खरवडला असता तर तुमची गोष्ट कायमची थाप ठरली असती, बाबा," रंगारी म्हणाला.

लेकीने स्टूल ओढून बापाच्या पायाशी घेतले. "चुकलं माझं. सांगा ना, पहिल्यापासून. ज्वाळा किती उंच होत्या?"

म्हाताऱ्याने खपलीकडे पाहिले, मग जावयाकडे, आणि घसा खाकरला.

"तशा बेताच्याच होत्या. आता पुरावा आलाय घरात, जावईबापू. जपून सांगायला हवं."