दाव्यापाशी तोडलेला धडा

"इथं सही करा, आजी. वाचायची गरज नाही, तुमचंच आहे."

विभागप्रमुख सरांनी पेन पुढे केलं. प्राध्यापक मंडळी चहा पीत होती. मी चौथी शिकलेली आहे. सावकाश वाचते, पण वाचते. मी चष्मा लावला. एक जण हसून म्हणाला, "आजी परीक्षेला बसल्या वाटतं." मी मान वर केली नाही.

कागद बी.ए.च्या नव्या विषयाचे होते. 'वंश आणि समाज'. परदेशातलं काळ्या-गोऱ्यांचं आणि आपल्याकडचं जातीचं, दोन्ही शेजारी ठेवून शिकवायचं. पोरांना काय वाचायला द्यायचं ते हे लोक निवडत होते. माझी नात याच कॉलेजात, बी.ए.लाच. तिच्या मॅडम उन्हाळ्यात घरी आल्या होत्या. मी बोलले, त्यांनी मोबाईलवर घेतलं आणि मग उतरवून काढलं.

मी सांगितलं होतं ते असं.

आम्ही मांग. गाव घोडेगावच्या बाजूचं. आई घायपाताच्या वाखाचे दोर वळायची. पोळ्याला गावातल्या प्रत्येक बैलाला दावं आमच्या घरचं. आम्ही ते पाटलाच्या दारात टाकायचं. त्यावर ते पाणी मारणार, मग हात लावणार. दावं आत जायचं. आम्ही बाहेर.

त्या पोळ्याला मी दहा-अकरा वर्षांची होते. बैल सजवून गोठ्यापुढे ओळीने बांधले होते. एकाच्या झुलीला आरसे होते. मी झुलीला हात लावला. एवढंच. पाटलाचा थोरला मुलगा, लग्न झालेला बाप्या, ओट्यावरून उतरला. आम्हीच आणलेलं दावं त्याने माझ्या गळ्यात घातलं.

"नवं हाय. वढून बघू, टिकतंय का."

गोठ्यापुढून फिरवलं मला. गुडघ्यावर पडले तरी फिरवलं. कुणीतरी ओरडलं, "शिंगं बी रंगवा हिची!" लोक हसले. बायकाही हसल्या. आई म्हणाली, "मालक, लेकरू हाय." तिच्या तोंडून दुसरं काही निघालं नाही.

हसता हसता त्याने दावं सोडलं. आईच्या कमरेला दोरांची टोकं छाटायचा विळा होता. तो मी ओढून घेतला. आधी माझ्या गळ्यातलं कापलं. मग बैलांची दावी. पहिले बैल उधळले तसे लोक वाट फुटेल तिकडे पळाले, मला अडवायला कुणी उरलं नाही. मी ओळ संपेपर्यंत कापत गेले. पोळा मोडला. नंतर मला मारलं, बापाला मारलं. गाव सुटलं. बाप श्रीरामपूरला हमाली करायला लागला. पण आमच्या घरात पुन्हा कुणी दोर वळला नाही.

कागदावरची माझी गोष्ट 'लेकरू हाय' इथं संपत होती.

"इळा कुठाय?" मी विचारलं.

मॅडम टेबलाकडे बघायला लागल्या. सर म्हणाले, "आजी, इथपर्यंत फार हृदयस्पर्शी झालंय. मुलींच्या डोळ्यांत पाणी येईल. पुढचा भाग जरा टोकाचा वाटतो. पोरांना द्वेष नको शिकवायला."

त्याच गठ्ठ्यात परदेशातल्या एका काळ्या बाईचं होतं. मालकिणीने थोबाडीत मारली म्हणून तिने धुण्याचं गरम पाणी मालकिणीच्या गालिच्यावर ओतलं आणि चालती झाली.

"हिचं समदं ठिवलं?"

"हो, पूर्ण. तो प्रतिकार आहे."

"आन् माझा द्वेष?"

सर कागदांचा गठ्ठा सारखा करायला लागले.

"हिच्या मालकिणीची पोरं तुमच्या संस्थेत न्हाईत म्हणून. ज्यानं मला दावं बांधलं त्यो तुमच्या अध्यक्षाचा बाप व्हता."

सरांनी उठून दार लावलं. परत येऊन हळू आवाजात म्हणाले, "आजी, तुमची नात इथंच शिकते ना? तिचंही बघायला हवं."

म्हणजे तेच दावं. नुसता आवाज खाली आलाय. माझं रडणं त्यांना पाहिजे. माझ्यावर दया करून त्यांची पोरं चांगली माणसं होणार. मी गुडघ्यावर आहे तोवर मी धडा. उठून उभी राहिले की टोकाची.

"समदं छापा. न्हाईतर काईच नको."

"मग नाइलाज आहे," सर म्हणाले. माझे कागद मी उचलले. मॅडम जिन्यापर्यंत आल्या. "आजी, मी भांडले हो त्यांच्याशी."

"दार लावलं तवा गप बसला तुमी," मी म्हणाले. त्या तिथेच थांबल्या.

घरी नात चिडली. "आजी, मार्क त्यांच्या हातात आहेत. तुझं होऊन गेलं. मला अजून दोन वर्षं काढायचीत तिथं."

तिचं खोटं नाही. ते तिला नापास करू शकतात. हे मला कळतं आणि तरी मी मागे येणार नाही.

सोमवारपासून मी कॉलेजच्या फाटकाबाहेर बसणार आहे. रस्ता सरकारी आहे. पोरं चहाला बाहेर येतात. जो थांबेल त्याला सांगणार, अध्यक्षाच्या बापाचं नाव घेऊन, बैल उधळले तिथपर्यंत. नातीला सांगितलंय, तुला ओळख दाखवायची नसेल तर दाखवू नको. मान खाली घालून पुढं जा. मी हाक मारणार नाही. पण मी तिथून उठणारही नाही.