कटिंग टेबलावरून मला उठवलं तेव्हा

माझी चप्पल कुणीतरी उचलत होतं. चोरत नव्हतं, नुसतं उचलत होतं. दाराबाहेर काढलेली डावी चप्पल दुपारी टेबलाखाली सापडायची, नाहीतर माझ्याच स्टुलाशेजारी उपडी पडलेली. एकदा झालं तर म्हटलं, असेल कुत्र्याने आणलेली. तिसऱ्यांदा झालं तेव्हा माझं डोकं फिरलं. "कुणाला हवीय माझी चप्पल? सांगा, धुऊन देते!" मी ओरडले. खोलीत आम्ही तिघीच होतो. बाकीच्या दोघींनी मशीनवरून मान वर केली नाही.

वर्तकनगरच्या एका जुन्या वसाहतीत, तळमजल्याच्या दोन खोल्यांत आम्ही शाळेचे गणवेश शिवायचो. शिलाईला काकू, मूळच्या कोकणातल्या, साठीला आलेल्या. ओव्हरलॉक आणि काजबटणाला कल्याणची धाकटी, तिशीची, तोंडाने फटाकडी. कटिंगला मी. मालकीणबाई सकाळी कापड टाकून जायच्या आणि संध्याकाळी माल न्यायला यायच्या.

कटिंग म्हणजे मानाचं काम, हे शिवणकामातल्या कुणालाही विचारा. कापडाचे चाळीस थर एकावर एक अंथरायचे, वर खडूने आखायचं आणि विजेच्या मशीनने एका दमात कापायचं. हात चुकला की चाळीस शर्ट कचऱ्यात. माझा हात चुकत नव्हता. मोहन्याची माझी भाड्याची खोली त्या टेबलावर चालत होती, आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा त्याच टेबलावर उभी होते. दुसरं काही नव्हतंच.

नवरा दुबईला असतो, असं मी सगळ्यांना सांगितलेलं. तो कुठेही गेला नव्हता, मीच निघून आलेले. त्याने माझं डोकं मोरीच्या उंबऱ्यावर आपटलं होतं, बाहेरून कडी घातली होती आणि डबा घेऊन कामावर गेला होता. संध्याकाळपर्यंत मी आत. त्यानंतर मला आकडी सुरू झाली. गोळ्या मी व्हिटॅमिनच्या डबीत ठेवायचे. धाकटीने एकदा "कसल्या गं गोळ्या?" म्हणून डबी हातात घेतली, तर मी तिला असं काही झापलं की बिचारी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. सुरुवातीला मी घरी दोन-तीनदा पडले होते. गोळ्या सुरू केल्यावर पडले नाही, म्हणजे आकडी गेली, असा माझा हिशोब. दवाखान्यातही मी तेच सांगायचे.

चपलेनंतर कांदा निघाला. बटणांच्या डब्यात, पांढऱ्या बटणांच्या मधोमध, फडक्यात बांधलेला अर्धा कापलेला कांदा. आता शिवणाच्या खोलीत कांद्याचं काय काम? मी डबा उघडला तशी काकू लगबगीने आल्या, कांदा उचलला आणि "माझ्या डब्यातला गं, राहिला असेल," म्हणून पदराआड नेला. ह्या बाई मंगळवारी कांदा खात नाहीत. आणि वार मंगळवार होता.

मोहन्याच्या शेजारणीला मी हे सांगितलं. तिने डोळेच मोठे केले. "अर्धा कांदा, आणि वर डाव्या पायाची चप्पल? बाई गं, हे साधं नाय. तुझ्या टेबलावर कुणाचा तरी डोळा हाय." माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी दुसऱ्या दिवसापासून मी चप्पल पिशवीत घालून आत घेऊन बसायला लागले, आणि पाण्याची बाटलीही घरची.

मग कांदा दिसेनासा झाला, पण बाकीचं वाढलं. मी आत शिरले की त्या दोघी बोलायच्या थांबायच्या. संध्याकाळी धाकटी माझ्याबरोबर निघायची. कल्याणला उतरायचं सोडून थेट माझ्या आंबिवली स्टेशनपर्यंत. का, तर तिथे भाजी ताजी मिळते म्हणे! कल्याणात काय भाजीचा दुष्काळ पडला होता? मी संडासात गेले की कुणीतरी दाराबाहेर खोकत उभं. मी कडी लावत नाही, ते यांना कसं कळलं, याचाही मला संशय यायला लागला.

आणि एका सोमवारी मालकीणबाई म्हणाल्या, "आजपासून कटिंग काकू करतील. तू कॉलरला बकरम लाव."

"माझं काय चुकलं?"

"चुकलं नाही गं. नजर कमी झालीय ना तुझी? तुझ्या मैत्रिणीच म्हणाल्या."

माझी नजर! सुईत दोरा मी ओवून द्यायचे त्या दोघींना. काकूंची बोटं संधिवाताने सुजलेली, मशीन उचलताना त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या, आणि तरी त्यांना माझं टेबल हवं होतं. मी कॉलरच्या आत बकरमच्या कडक पट्ट्या लावत राहिले आणि मनातल्या मनात दोघींना काय काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पंधरा दिवसांनी वही हाती लागली. मापांची जुनी वही, कॉलरचं माप बघायला मी उघडली आणि शेवटच्या पानावर धाकटीचं अक्षर दिसलं. वार, वेळ, मिनिटं. "मंगळवार, अकरा वीस, दोन मिनिटं. शुक्रवार, जेवणानंतर, तीन मिनिटं, मग दहा मिनिटं सुस्त." एकामागून एक, दोन पानं भरून. वर माझ्या नावाचं पहिलं अक्षर.

मला सगळं उमगलं. कामचुकारपणाची नोंद! मालकीणबाईंना दाखवायला! मी उठले, दोन्ही मशीनची बटणं बंद केली आणि वही काकूंच्या मांडीवर आपटली. "टेबल घेतलंत, आता नोकरीही घ्यायचीय? तोंडावर सांगायची हिंमत नव्हती तुमच्यात? लाज नाही वाटत?"

काकूंनी चष्मा काढला. "दे गं सांगून," त्या धाकटीला म्हणाल्या. "आता किती लपवणार."

"तू मधेच नसतेस," धाकटी म्हणाली. "पडत नाहीस, काही नाही. पण बघत राहतेस एकीकडे, खडू फिरवत राहतेस बोटांत. हाक मारली तरी कळत नाही तुला. मग भानावर येतेस आणि म्हणतेस, डोळा लागला वाटतं. आम्ही म्हणतो, हो, लागला."

"खोटं बोलतेस."

"पहिल्यांदा झालं तेव्हा कटिंग मशीन चालू होतं तुझ्या हातात. बोटांपासून एवढ्यावर आलेलं पातं. मी वायर उपटली."

मी बोटांकडे बघितलं. मला त्यातलं काही म्हणजे काहीच आठवत नव्हतं.

"आमच्या गावाला कांदा हुंगवतात, चामड्याची चप्पल हुंगवतात," काकू खाली मान घालून म्हणाल्या. "तेच केलं मी. मग हिने डॉक्टरला विचारलं, तो रागावला. म्हणाला नाकातोंडाशी काही न्यायचं नाही, धारेच्या मशीनपासून लांब ठेवा, किती वेळ चालतं ते लिहा. वही तुलाच द्यायची होती. पण तू पडलीस जमदग्नी. रागावून दुसरीकडे कामाला गेली असतीस, आणि तिथे वायर कोणी उपटली असती?"

मला ओशाळल्यासारखं झालं, आणि त्याहून जास्त भीती वाटली. "मी काही बोलते का तेव्हा?"

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या.

"बोला ना!"

"भानावर येताना," धाकटी म्हणाली. "दर वेळी तेच. कडी काढा म्हणतेस. मी कुणाला सांगणार नाही, पण मोरीची कडी काढा."

मी खालीच बसले, कापडाच्या चिंध्यांत. इतकी वर्षं मी दुबईचा नवरा सांभाळला होता. दिवाळीला स्वतःच घेतलेली साडी त्याने पाठवली म्हणून नेसून आलेले, आणि ह्या दोघींनी पदर हातात घेऊन "छान पाठवलीय हो" म्हटलं होतं. तेव्हा त्यांना माहीत होतं. मी कुणालाही सांगितलं नाही, असं मला वाटत होतं आणि मी आठवड्यातून दोनदा सांगत होते.

"मग विचारतेस, तो गेला का," काकू म्हणाल्या. "आम्ही म्हणतो, गेला. मग शांत होतेस."

मी हमसून हमसून रडले, तोंडावर हात न ठेवता. धाकटी माझ्याशेजारी येऊन बसली. दार सताड उघडं होतं, बाहेर वसाहतीतल्या बायका पाणी भरत होत्या, त्यांना दिसत असेल तर दिसो. रडणं थोडं थांबलं तेव्हा मी पूर्ण भानावर होते. कुठे बसलेय, वार कोणता, सगळं मला कळत होतं. तरी मी विचारलं, "काकू, तो गेला का?"

"गेला गं," काकू म्हणाल्या. "कधीचाच गेला."